‘एकसष्ट म्हणजे फर्स्ट क्लासच की’: दहावी पास होऊन न्यू जर्सीच्या हायस्कुलात आलेल्या विद्यार्थिनीचे प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातून राज्य मंडळाची दहावी झालेली, सेमी-इंग्रजीची मुलगी. गणितात ८४, इंग्रजीत ७६. वडिलांची कंपनीतर्फे बदली झाली आणि कुटुंब ११ ऑगस्टला मध्य न्यू जर्सीत उतरले. मुलीचा जन्म ऑक्टोबरचा, म्हणजे त्या वेळी वय १५ वर्षे १० महिने. शाळा सुरू होणार होती लेबर डेनंतर, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात.

शाळा सार्वजनिक. दिवसाचे आठ तास, प्रत्येकी ४२ मिनिटांचे. त्यातला एक जेवणाचा, म्हणजे वर्षाला सात विषय. वर्षभर चालणाऱ्या विषयाला ५ क्रेडिट, म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त ३५. डिप्लोमासाठी, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रासाठी, न्यू जर्सी राज्याची किमान अट १२० क्रेडिटची आहे. पण नुसती बेरीज पुरत नाही. इंग्रजी २०, गणित १५, विज्ञान १५ (त्यात जीवशास्त्र हवेच), सामाजिक शास्त्रे १५ (त्यात अमेरिकेचा इतिहास दोन वर्षे आणि जगाचा इतिहास), कला ५, व्यवसायविषयक ५, परकी भाषा ५, आर्थिक साक्षरता २.५, आणि शाळेत असाल तितकी वर्षे दरवर्षी शारीरिक शिक्षण व आरोग्य, असे खण ठरलेले आहेत. एका खणातले जास्तीचे क्रेडिट दुसऱ्या खणात टाकता येत नाहीत. पुढचे सगळे निर्णय या खणांभोवतीच फिरले.

दुसरी एक गोष्ट कुटुंबाला ठाऊक नव्हती. या शाळेत पुढच्या वर्षाची विषयनोंदणी जानेवारी-फेब्रुवारीत होते. किती मुलांनी काय मागितले ते मोजून मे-जूनमध्ये वेळापत्रक बांधले जाते आणि कोणत्या विषयाच्या किती तुकड्या, कोणत्या तासाला, हे तेव्हाच ठरते. ऑगस्टात येणाऱ्या मुलाला उरलेल्या जागा मिळतात. मुलांचे विषय आणि अडचणी पाहणारे शाळेचे सल्लागार, म्हणजे काउन्सेलर, बहुतेक दहा महिन्यांच्या करारावर असतात, त्यामुळे जुलैत पाठवलेल्या ईमेलला उत्तर येत नाही. वडिलांनी जुलैत तीन ईमेल पाठवले होते. ‘इथेही सरकारी खातंच दिसतंय,’ असा त्यांनी निष्कर्ष काढला.

कागदांची अडचण

नावनोंदणी २९ ऑगस्टपर्यंत रखडली, आणि तीही अभ्यासाच्या कारणाने नव्हे. क्षयरोगाचे प्रमाण जास्त असलेल्या देशांतून थेट येणाऱ्या मुलांना इथे क्षयरोगाची चाचणी द्यावी लागते, आणि लहानपणी बीसीजी दिले आहे म्हणून सूट मिळत नाही. मुलीची मांटू चाचणी केली. ती ४८ ते ७२ तासांनी वाचायची असते. हाताला फुगवटा आला, चाचणी पॉझिटिव्ह धरली गेली. बीसीजी घेतलेल्यांत असे होऊ शकते. मग रक्ताची आयग्रा चाचणी झाली, ती निगेटिव्ह आली. यात बारा दिवस गेले. थेट रक्ताची चाचणी केली असती तर चार-पाच दिवसांत काम झाले असते.

गुणपत्रिकांची गंमत वेगळीच. दहावीची मंडळाची गुणपत्रिका इंग्रजीत असते, ती चालली. नववीचे प्रगतिपुस्तक आणि शाळा सोडल्याचा दाखला मराठीत होता, त्यांचे भाषांतर हवे होते. आणि गुणपत्रिकेवर गणितापुढे एकच शब्द: ‘मॅथेमॅटिक्स’. अमेरिकेतल्या काउन्सेलरला त्यातून काहीच कळत नाही. इथे बीजगणित-१, भूमिती, बीजगणित-२, प्रीकॅल्क्युलस हे एकामागोमाग येणारे वेगवेगळे वार्षिक विषय आहेत. ‘मॅथेमॅटिक्स, ८४’ म्हणजे यांतले नेमके काय? ज्या मंडळात गणिताची भाग १ आणि भाग २ अशी स्वतंत्र पुस्तके आहेत आणि बीजगणित-भूमितीचे पेपर वेगळ्या दिवशी होतात, त्याच मंडळाच्या गुणपत्रिकेतून ही माहिती गळून जाते.

३ सप्टेंबरला हातात पडलेले वेळापत्रक असे होते:

पहिला तास – अमेरिकेचा इतिहास-१
दुसरा – भूमिती
तिसरा – इंग्रजी-२
चौथा – ईएसएल (इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठी इंग्रजीचा वर्ग)
पाचवा – जेवण
सहावा – जीवशास्त्र
सातवा – शारीरिक शिक्षण (काही दिवस त्याऐवजी जीवशास्त्राची प्रयोगशाळा)
आठवा – स्पॅनिश-१

इयत्ता: दहावी.

मूळ प्रश्न

घरच्यांच्या लेखी प्रश्न एकच होता: दहावी झालेल्या मुलीला पुन्हा दहावीत का? वर्ष वाया जाणार. वेळापत्रक बदलण्याची मुदत शाळेच्या पहिल्या दहा दिवसांची, आणि यातले पहिले चार दिवस याच एका वादात गेले. खरे तर प्रश्न चार होते आणि ते एकमेकांत अडकलेले होते: इयत्ता, गणिताची पातळी, ईएसएल आणि परकी भाषा. काउन्सेलरने ते सुटे करून एकेक घेतले, हे तिचे या प्रकरणातले सर्वात उपयोगी काम.

पहिला निर्णय: दहावी की अकरावी

अकरावीसाठी वडिलांचे म्हणणे सरळ होते. नववी-दहावी झाली आहे, ती हायस्कूलची पहिली दोन वर्षे धरा. शाळा त्याला तयारही होती. काउन्सेलरने नाही म्हटले नाही. तिने कागदावर दोन रकाने आखले आणि डिप्लोमाकडून मागे मोजत आली.

अकरावीत घेतले तर दोन वर्षे, म्हणजे ७० क्रेडिट. भारतातली दोन वर्षे धरून १२० चा आकडा आरामात पुरा होतो. पण खण भरायचे उरतात ते असे: इंग्रजी १०, अमेरिकेचा इतिहास १०, जीवशास्त्र ५, गणित १० (राज्याला पाचच हवेत, पण इंजिनिअरिंगकडे जायचे तर दोन्ही वर्षे हवे), शारीरिक शिक्षण व आरोग्य १०, कला ५, व्यवसायविषयक ५, आर्थिक साक्षरता २.५. बेरीज ५७.५ (परकी भाषा यात धरलेली नाही, ती चौथ्या निर्णयात). त्यात ईएसएल एक वर्ष धरले तर ६२.५, दोन वर्षे लागले तर ६७.५. उरले साडेसात किंवा अडीच. रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र दोन्ही घ्यायला १० लागतात. बसत नाहीत.

दहावीत घेतले तर तीन वर्षे, १०५ क्रेडिट. इंग्रजी, गणित आणि शारीरिक शिक्षण प्रत्येकी १५ होतात, बाकी तेवढेच: ७२.५. ईएसएल धरून ७७.५ ते ८२.५. उरतात किमान साडेबावीस, म्हणजे रसायन, भौतिक आणि शिवाय दोन एपी (कॉलेजच्या पातळीचे) विषय.

वडिलांना पटवले ते मात्र या आकड्यांनी नव्हे. इथल्या शाळांत बालवाडीचा प्रवेश वयाच्या कटऑफ तारखेवर ठरतो आणि ती बहुधा १ ऑक्टोबर असते. ऑक्टोबरमध्ये सोळा पूर्ण होणारी मुले त्या सप्टेंबरला दहावीतच असतात. म्हणजे मुलगी तिच्या वयाच्या मुलांतच बसणार होती. वाया जाणारे वर्ष मुळात इथल्या हिशेबात नव्हतेच, ते पुण्याच्या हिशेबात होते. हे ऐकल्यावर वडील थोडे सैल झाले.

एक मुद्दा काउन्सेलरच्या आवाक्याबाहेरचा होता आणि तो तिने तसाच सांगितला. मुलगी एच-४ व्हिसावर, म्हणजे वडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून. त्याची मर्यादा वयाची एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत. अकरावीत गेली तर एकवीस कॉलेजच्या चौथ्या वर्षी पूर्ण होणार, दहावीत गेली तर तिसऱ्या. म्हणजे एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावे लागले तर ते कॉलेजच्या एक वर्ष आधीच्या टप्प्यावर. कुटुंबाने वकिलाला विचारून दोन्हीकडे बदल करावाच लागेल अशी खात्री करून घेतली. अशा घरांत हा मुद्दा बहुतेकदा कोणी बोलून दाखवत नाही आणि मग ‘वर्ष वाया’च्या नावाखाली तोच बोलत राहतो.

निर्णय: दहावी.

दुसरा निर्णय: गणित

भूमितीत बसवणे चूक होते, पण ‘तिला सगळं येतं’ हेही खरे नव्हते. आईने बालभारतीच्या इंग्रजी माध्यमाच्या गणित भाग १ आणि भाग २ च्या अनुक्रमणिका छापून आणल्या, नववी आणि दहावी दोन्ही. (पुस्तके पुण्यातच राहिली होती, पण पीडीएफ मिळते.) त्या चार पानांनी जे झाले ते तासभराच्या बोलण्याने झाले नव्हते. वर्गसमीकरणे, दोन चलांतील रेषीय समीकरणे, अंकगणिती श्रेढी, समरूपता, वर्तुळ, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती, महत्त्वमापन. गणित विभागाच्या पर्यवेक्षकाने पेन्सिलीने प्रत्येक धड्यासमोर इथल्या विषयाचे नाव लिहिले आणि म्हणाला, चाचणी घेऊ.

पंचेचाळीस मिनिटांत तीस प्रश्न. बावीस बरोबर, सहा कोरे, दोन चुकले. कोरे सोडलेले सहा पाहण्यासारखे होते. एकात ‘५०० गुणिले १.०४ चा टी-वा घात’ अशी राशी देऊन वाढीचा दर विचारला होता. मुलीने प्रश्नच सोडला. पर्यवेक्षकाने नंतर विचारले, ५०० डॉलर ४ टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवले तर तीन वर्षांनी किती? तिने पाठीमागच्या कोऱ्या जागेत सूत्र लिहिले, मुद्दल, कंसात एक अधिक दर भागिले शंभर, त्याचा तीनचा घात, आणि मग थांबून कोऱ्या सोडलेल्या प्रश्नाकडे पाहत राहिली. आठवीत शिकलेले चक्रवाढ व्याजच तिथे दुसऱ्या वेषात बसले होते.

बाकीचे कोरे प्रश्न मात्र खरेच न शिकलेल्या भागांचे होते: फलनाचा डोमेन आणि रेंज, पॅराबोलाचे शिरोबिंदू, आकृतीचे परावर्तन आणि परिभ्रमण. शिवाय ग्राफिंग कॅल्क्युलेटर तिने हातात धरलेला नव्हता. आपल्याकडे परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, इथे टीआय-८४ येतो असे गृहीत धरूनच प्रश्न काढतात.

पर्याय तीन होते. भूमिती: सोपे गेले असते, पण बारावीत प्रीकॅल्क्युलसवरच थांबावे लागले असते. बीजगणित-२ ऑनर्स, म्हणजे त्याच विषयाची वरची पातळी: वडिलांची पसंती, आणि ऑनर्सला जीपीएत (सर्व विषयांच्या श्रेणींच्या सरासरीत) जास्त वजन. साधे बीजगणित-२: पर्यवेक्षकाचा सल्ला. साधे घेतले, या अटीवर की पहिल्या चार आठवड्यांत फलने आणि परावर्तन-परिभ्रमणाचा भाग खान अकॅडमीवर पुरा करायचा. हा भाग नुसत्या या वर्गासाठी नव्हता. अकरावीच्या वसंतात राज्याची पदवी-पात्रता परीक्षा असते, तिचा गणिताचा पेपर बीजगणित-१ आणि भूमिती यांवर असतो. ज्या मुलांना वर चढवले जाते तीच कधी कधी या खालच्या पायरीवर घसरतात.

बीजगणित-२ च्या तुकड्या दुसऱ्या आणि सातव्या तासाला. सातवा शारीरिक शिक्षणाचा, आणि तो जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेशी जोडलेला असल्याने हलवता येत नव्हता. दुसऱ्यात २८ जागा, सगळ्या भरलेल्या. पर्यवेक्षकाने एकोणतिसावी जागा मंजूर केली. दहाव्या दिवशी, दुपारी.

जाता जाता: राज्य मंडळाच्या गणितात ‘अर्थनियोजन’ म्हणून जीएसटी, शेअर्स, म्युच्युअल फंड शिकवतात. त्यावर आर्थिक साक्षरतेचे अडीच क्रेडिट मिळतील का, असे आईने विचारले. शाळेने नाही म्हटले. पण विचारायला हरकत नव्हती.

तिसरा निर्णय: ईएसएल

नावनोंदणीत घरच्या भाषेची प्रश्नावली असते. टेक्सासातल्या मावशीचा सल्ला होता, ‘सरळ इंग्लिश लिही, नाहीतर पोरीला ईएसएलमध्ये टाकतील.’ आईने मराठी लिहिले. मग विडा ही इंग्रजीची पातळी मोजणारी चाचणी झाली. एकूण पातळी ४.०, सुटायला ४.५ हवी. वाचन चांगले, बोलणे सर्वात कच्चे.

इंग्रजीत ७६ मिळवलेल्या मुलीला ईएसएल हा घरात अपमान वाटला. पण सेमी-इंग्रजी म्हणजे काय ते इथे कोणालाच नीट कळत नाही, आणि ते समजावून सांगणे पालकांच्याच हातात आहे. तिने गणित-विज्ञान इंग्रजीत लिहिले होते, इतिहास-भूगोल मराठीत. इतिहासाचे एक उत्तरही तिने जन्मात इंग्रजीत लिहिलेले नव्हते. आणि आता अमेरिकेच्या इतिहासावर दोन पानी निबंध. मावशीचा सल्ला ऐकला असता तर नोव्हेंबरमध्ये जिने हे प्रकरण पकडले ती शिक्षिकाच मुलीच्या दिवसात आली नसती.

ईएसएलची एकच तुकडी, चौथ्या तासाला. संगणकशास्त्राचीही एकच, तीही चौथ्याला. मुलीला हवे होते संगणकशास्त्र. एकेकट्या तुकड्या भिडल्या की तडजोड नसते, एक सोडावा लागतो. संगणक पुढच्या वर्षी घेता येतो आणि तेव्हा तो व्यवसायविषयक पाच क्रेडिटचा खणही भरतो, म्हणून तो पुढे ढकलला.

चौथा निर्णय: स्पॅनिश

हा सर्वात सोपा आणि जवळजवळ हुकलेला. परकी भाषेची अट क्रेडिटऐवजी प्राविण्य दाखवूनही पुरी करता येते, आणि मराठीची परीक्षा उपलब्ध आहे. अडचण वेळेची: परीक्षा ऑक्टोबरात, विषय बदलायची मुदत सप्टेंबरात. निकालाआधीच स्पॅनिश सोडायचे होते. सोडले, त्या जागी चित्रकला घेतली, कलेचा खण भरला. लेखनाचा भाग टंकित करायचा होता आणि मुलीने देवनागरी कधी टाइप केलेली नव्हती. आठवडाभर रोज वीस मिनिटे तिने आजीला लांबलचक मराठी ईमेल लिहिले. सरावही झाला, आजीही खूश. परीक्षा पास झाली.

नोव्हेंबर

वेळापत्रक जुळले की पालक आणि काउन्सेलर दोघेही सुटकेचा श्वास टाकतात. या प्रकरणातली खरी पडझड त्यानंतरची.

पहिल्या सत्रखंडाच्या शेवटी इतिहासात ६१. आईने पोर्टलवर पाहिले आणि समाधान मानले. साठच्या वर म्हणजे फर्स्ट क्लासच की, नव्या देशात, नव्या विषयात. या शाळेत ६५ च्या खाली नापास. ३५ ला पास होणाऱ्या व्यवस्थेतून आलेल्या घरात तो आकडा धोक्याची घंटा वाजवत नाही, आणि शाळेने पाठवलेल्या कागदावर गुणश्रेणीचा तक्ता असला तरी तो कोणी उघडून वाचत नाही.

हे पकडले ईएसएलच्या शिक्षिकेने. तिने इतिहासाच्या शिक्षकाकडून फोड मागवली. परीक्षा ५० टक्के वजनाच्या, त्यात ७२. छोट्या चाचण्या ३० टक्के, त्यात ७०. गृहपाठ २० टक्के, त्यात २०. म्हणजे ३६ अधिक २१ अधिक ४. मुलीला इतिहास येत होता. ती गृहपाठात बुडत होती: वीसपैकी चार जमा, सोळा शून्य.

शिक्षिकेने तिला दप्तर उघडायला सांगितले. आत दोनशेपानी वही, समास आखलेला, प्रत्येक पानावर तारीख. अकरा गृहपाठ पूर्ण लिहिलेले. मुलगी वाट पाहत होती की सर कधीतरी वह्या जमा करायला सांगतील. गूगल क्लासरूमवर रात्री ११:५९ ची मुदत असते आणि ‘टर्न इन’चे बटण दाबले नाही तर केलेले काम न केल्यात जमा होते, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. इथल्या मुलांना ते प्राथमिक शाळेपासून ठाऊक असते, म्हणून सांगावे असे कोणाच्या मनातही येत नाही.

दुसरी खूण परिचारिकेच्या नोंदवहीत होती. ऑक्टोबरात मुलगी सात वेळा पोट दुखते म्हणून गेली होती, सातही वेळा तिसऱ्या तासाला. तिसरा तास इंग्रजी-२, जिथे आठवड्यातून दोनदा गोलात बसून चर्चा होते आणि प्रत्येकाच्या बोलण्याला गुण असतात. काउन्सेलरने नोंदींतल्या वेळा मुलीच्या वेळापत्रकाशेजारी ठेवल्यावर दोन मिनिटांत हे दिसले. त्याआधी चार आठवडे कोणी ठेवल्या नव्हत्या.

बैठक आणि आराखडा

न्यू जर्सीच्या प्रत्येक शाळेत अडचणीत आलेल्या मुलांसाठी हस्तक्षेप आणि संदर्भ सेवा गट असावा लागतो. त्याची बैठक नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. काउन्सेलर, इतिहास, इंग्रजी आणि ईएसएलचे शिक्षक, आई. दुभाषी हवा का, असे शाळेने आधी विचारले, आईने संकोचाने नको म्हटले. ते चुकले. ‘फेलिंग’ आणि ‘फॉलिंग बिहाइंड’ यांतला फरक तिला बैठकीत लागला नाही.

तीन पर्याय पुढे आले. एक, इतिहास खालच्या पातळीवर आणणे. मुदत उलटली होती, आणि मूळ अडचण पातळीची नव्हतीच. दोन, अध्ययन अक्षमतेची तपासणी. एका शिक्षकाने सुचवली. काउन्सेलरने थांबवली, कारण भाषेची अडचण आणि अध्ययन अक्षमता यांची गल्लत करणे ही नव्याने आलेल्या मुलांबाबतची नेहमीची चूक आहे, आणि गणितातले काम पाहता तसा काही संशय नव्हता. तीन, सहा आठवड्यांचा आराखडा. तोच ठरला:

वहीतले अकरा गृहपाठ फोटो काढून तीन आठवड्यांत जमा करायचे, कमाल ८० टक्के गुण धरायचे. तोवर इतिहासाच्या रकान्यात ‘अपूर्ण’.
इतिहास व इंग्रजीच्या परीक्षांना दीडपट वेळ, शब्दार्थांची यादी सोबत.
इंग्रजीच्या चर्चेत पहिले चार आठवडे तिघांच्या गटात बोलायचे, प्रश्न आदल्या दिवशी हातात.
मंगळवार-गुरुवार जेवणाच्या सुट्टीत ईएसएलच्या वर्गात. आठवड्याच्या मुदती एका कागदावर.
शुक्रवारी काउन्सेलरकडे दहा मिनिटे. पोटाबद्दल विचारायचे नाही, आठवड्याबद्दल विचारायचे.

शेवटची अट मुलीने स्वतः मागितली होती.

निष्पत्ती

अकरा गृहपाठ ८० ने धरून गृहपाठाचा रकाना २० वरून ६४ वर गेला, एकूण ६१ चे ७० झाले. दुसऱ्या सत्रखंडात ७६, तिसऱ्यात ८१. डिसेंबरात परिचारिकेकडे एकच फेरी, ती खऱ्या तापाची. बीजगणित-२ मध्ये बी प्लस. वसंतातल्या वार्षिक इंग्रजी चाचणीत ४.५ ची रेषा पार झाली, शिक्षकांचे मतही अनुकूल, ती ईएसएलमधून बाहेर पडली. फेब्रुवारीत अकरावीची नोंदणी तिने इतर मुलांबरोबर, वेळेत केली: प्रीकॅल्क्युलस ऑनर्स, रसायनशास्त्र, अमेरिकेचा इतिहास-२, इंग्रजी-३, संगणकशास्त्र.

सगळे सुरळीत झाले असे नाही. जीवशास्त्र तिच्यासाठी अर्धेअधिक पुनरावृत्ती होती आणि कंटाळवाणी गेली. सूट मागितली होती, मिळाली नाही, कारण ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या एकत्र विषयातून प्रयोगशाळेसह पूर्ण वर्षाचे जीवशास्त्र सिद्ध होत नाही. भारतातले गुण इथल्या ट्रान्सक्रिप्टवर (गुणनोंदीच्या उताऱ्यावर) नुसते ‘पास’ म्हणून लागले, म्हणजे जीपीएची सुरुवात याच अवघड वर्षाने झाली. श्रेणीत रूपांतर करून घ्यायचा पर्याय होता, पण इथल्या तक्त्यात ८४ म्हणजे बी आणि ७६ म्हणजे सी, जणू मुलगी बेताचीच असावी. ‘पास’ परवडले. कॉलेजच्या अर्जासोबत मूळ गुणपत्रिका आणि मंडळाची श्रेणीपद्धत जोडता येते.

वेगळे काय करता आले असते

कुटुंबाच्या बाजूने सर्वात स्वस्त दुरुस्ती निघण्यापूर्वीची होती. नववीचे गुण शाळेच्या लेटरहेडवर इंग्रजीत, शिक्क्यासह, मुख्याध्यापकांच्या सहीने दोन ओळी, की माध्यम सेमी-इंग्रजी, अमुक विषय इंग्रजीत आणि अमुक मराठीत, गणित-विज्ञानाच्या अनुक्रमणिका, विज्ञानाची प्रयोगवही, लसींची तारीखवार यादी. एका पुठ्ठ्याच्या फाइलीत मावते. प्रयोगवही असती तर जीवशास्त्राचा आग्रह कदाचित टिकला असता. ती दहावीचा निकाल लागल्यावर रद्दीत गेली होती. आणि ईमेल जुलैऐवजी मेमध्ये गेला असता तर वेळापत्रक बांधण्याआधी निदान एक जागा राखता आली असती.

शाळेच्या बाजूने दोन गोष्टी. नव्या विद्यार्थ्याला खोल्यांचा नकाशा आणि लॉकरचा क्रमांक देतात, पण गृहपाठ कसा जमा करायचा ते दाखवत नाहीत. वीस मिनिटांचे काम आहे, पहिल्याच दिवशी, एक खोटा गृहपाठ प्रत्यक्ष जमा करून. दुसरी, परदेशातून आलेल्या मुलाच्या पालकांना तिसऱ्या आठवड्यात एक फोन, आणि त्यात एकच वाक्य: इथे ६५ ला पास. अमेरिकन स्कूल काउन्सेलर असोसिएशन एका काउन्सेलरमागे २५० मुले असावीत असे सुचवते. बऱ्याच शाळांत मुले त्याहून जास्त असतात, हे खरे. पण हा फोन काउन्सेलरनेच करायला हवा असेही नाही.

काउन्सेलरबद्दल आणखी एक. इयत्तेचा हिशेब तिने उत्तम केला, पण तो करताना मुलगी खोलीबाहेर बाकावर बसली होती. गणिताची चाचणी सोडली तर सप्टेंबरच्या दहा दिवसांत तिला कोणी काही विचारले नाही. नोव्हेंबरात पहिल्यांदा विचारले तेव्हा ती म्हणाली की संगणकाऐवजी ईएसएल आले याचे तिला वाईट वाटलेच नव्हते, त्या एका तासातच तिला श्वास घेता येत होता. आईवडील दोन महिने उलटेच समजून बसले होते.

अकरावीच्या यादीत एक जागा अजून रिकामी आहे. आर्थिक साक्षरतेचा अर्ध्या वर्षाचा विषय कुठल्या तासात बसवायचा ते ठरलेले नाही. उन्हाळ्यात ऑनलाइन करता येतो, पण उन्हाळ्यात मुलगी पुण्याला जाणार आहे आणि तिथून रात्री ११:५९ ची मुदत म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळचे ९:२९. हे तिने स्वतःच काउन्सेलरला हिशेब करून सांगितले.